हजेरी उठली त्या साली

दिवेलागण झाली की मी घराच्या ओट्यावर जाऊन बसतो. काम काही नसते. सून आत कुकर लावते, नातू टीव्ही पाहतो, आणि मी भिंतीला पाठ लावून, पाय पोटाशी घेऊन, तोंड रस्त्याकडे करून बसतो. बायको होती तेव्हा आतून आवाज द्यायची, "झाली का हजेरी? झाली असन तं या, भाकर थंडी होऊन राहिली." मग मी उठायचो. आता सून येऊन म्हणते, मामाजी, ताट वाढलं. सून चांगली आहे. पण उठा म्हणणारी गेली. वर्ष होत आलं, मला अजून ताटावर जायला उशीर होतो.

मी दुसरीपर्यंत शिकलो. पुढचं वाचणं पोराच्या पुस्तकातून शिकलो, तेही पोरगा झोपल्यावर, कारण बापानं पोराजवळ शिकावं याची तेव्हा लाज वाटे. म्हणून जसं येते तसं लिहितो. आमच्या जातीचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं की वाचणारा पहिले आपला खिसा चाचपतो, मग पुढे वाचतो. मला ते पाहायचं नाही.

इंग्रजाच्या राज्यात एक कायदा होता. काही जाती जन्मानंच चोर आहेत असं त्यात लिहिलेलं होतं. चोरी केली म्हणून चोर असं नाही. आईच्या पोटातून बाहेर आला की चोर. आमची जात त्यात होती. मिसरूड फुटलं की पोराला ठाण्यात न्यायचं, दहाही बोटांचे ठसे द्यायचे, आणि त्या दिवसापासून रोज दिवस बुडताना हजेरी. सौसरच्या बाहेर, जामसांवलीच्या रस्त्याला आमच्या झोपड्या होत्या. तिथं एक निंबाचं झाड होतं. त्याच्याखाली आम्ही ओळीत उकिडवे बसायचो. कोतवाल यायचा, कधी सोबत शिपाई. नाव घेतलं की हात वर करून हाजर म्हणायचं. सगळ्यांची झाली की कोतवाल म्हणायचा, उठा. तो म्हणेपर्यंत उठायचं नाही. एकदा माझा चुलता पोटात कळ आली म्हणून आधी उठला होता. त्याची पाठ मी लहानपणी पाहिली आहे. त्यानंतर उठ म्हटल्याशिवाय उठणं माझ्या अंगातूनच गेलं.

गंमत अशी की रात्री त्याच आम्हाला सौसरचे बगीचेवाले जागलीवर ठेवत. संत्र्याच्या बगीच्यात मचाण बांधून आम्ही रात्रभर हाका देत बसायचो. आमचा माणूस मचाणावर असला की दुसरा कोणी फळाला हात लावत नाही, असा त्यांचा हिशेब. मालकानं कोतवालाला सांगून ठेवलेलं असायचं, याची हजेरी लवकर घ्या, याला रखवालीला यायचं आहे. संध्याकाळी चोर म्हणून बसायचं आणि रात्री चोरावर नजर ठेवायची. माझ्या बापाला त्यात काही वावगं वाटत नसे. तो म्हणायचा, दोन्हीकडे आपलंच काम आहे, आणखी काय पाहिजे.

गाव सोडून कुठं जायचं तर पास लागायचा. कुठं जाणार, कोणत्या रस्त्यानं, कधी परत, सगळं त्यावर. जिथं जाल तिथल्या पाटलाला आधी तोंड दाखवायचं, निघतानाही दाखवायचं. बायकोचं माहेर तिगावच्या टेशनावर उतरून डोंगराकडे चालत गेलं की लागायचं. लग्न झाल्यावर ती एकदा माहेरी गेली, मी सोबत होतो. पोहोचलो तर तिथला पाटील बाजाराला गेलेला. त्याच्या दारात बसून दिवस गेला. रात्री भाकर खाल्ली, सकाळी पुन्हा पाटलाच्या दारात, आणि परत. मायलेकी बोलल्या त्या पीठ मळता मळता जेवढं बोलता आलं तेवढं. निघताना सासूनं तिच्या गालावर हात ठेवला आणि म्हणाली, "पुढच्या बारीनं येशीन तं चार दिवस राह्याले ये. पास-बीस नोको आणू."

बायकोनं ते धरून ठेवलं. मोठी पोरगी झाली तेव्हाही ती गेली नाही. म्हणायची, जाईन तर चार दिवसांसाठी जाईन, आणि बिना पासची जाईन.

पंधरा ऑगस्टला सौसरात झेंडा लागला, लाडू वाटले. आम्हालाही एकेक मिळाला. संध्याकाळी हजेरी झाली. कोतवालानं नावं घेताना तोंडातला लाडू आधी गिळला, एवढाच फरक. देश सुटला आणि आम्ही पाच वर्षांनी सुटलो. नागपूर तेव्हा आमचीच राजधानी. मालक तिथं जाऊन आला की सांगायचा, तुमच्याबद्दल बोलणं चालू आहे, दिल्लीलाही चालू आहे. आम्ही हो म्हणायचो. आमच्याबद्दल कोणी बोलत आहे म्हटलं की त्या दिवशी आम्ही हजेरीला लवकरच जाऊन बसायचो.

मग एका बाजाराच्या दिवशी सौसरात एक पुढारी आला. बैलबंडीवर उभा राहिला. आम्हाला मुद्दाम बोलावून पुढे बसवलं होतं, आणि आम्ही सवयीनं ओळीतच बसलो होतो. तो म्हणाला, कायदा रद्द झाला. आजपासून पोलिसाचं तुमच्याशी काम नाही आणि तुमचं पोलिसाशी काम नाही. रस्त्यात तुम्हाला कोणी अडवणार नाही, कोणी विचारणार नाही कुठून आला, कुठं चालला. इतर माणसांसारखे माणूस झालात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढाऱ्यानं विचारलं, काही शंका आहे का? माझ्या बापानं हात वर केला, हजेरीला करत तसाच, आणि विचारलं, "मंग साहेब, आज हजेरी केव्हा?"

बाजार हसला. पुढारीही हसला. बायको बायकांच्या घोळक्यात उभी होती. ती हसली नाही. घरी येताना म्हणाली, "आता मी मायकडे जाईन." सांगितलं, विचारलं नाही.

पण कायदा उठला तरी लोक कुठं उठतात. दुसऱ्या दिवशी दिवस बुडाला आणि बाप निंबाखाली जाऊन बसला. मग दुसरे म्हातारे आले. मग आम्हीही. कोतवाल आला नाही. आम्ही अंधार पडेपर्यंत बसलो. बायको पाणी भरून येताना थांबली. तिनं सासऱ्यासमोर पदर घेतला आणि माझ्याकडे पाहून बोलली, पण ऐकवायचं होतं ते सासऱ्याला. "कोणाची वाट पाहून राहिले?"

बाप म्हणाला, पोरी, तुला समजत नाही. आता गावात कोणाचा बोकड जरी गेला तर पहिला माणूस आपल्याकडे येईल. आतापर्यंत कोतवाल सांगायचा, हे सगळे इथं होते, मी मोजले. आता कोण सांगेल? त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, हेच वाईट होतं. हजेरीनं आम्हाला चोर ठरवलं होतं आणि चोर नाही याचा दाखलाही तीच देत होती. म्हणून आम्ही रोज आपणहून बसायला लागलो, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून. एकदा कोतवाल खरंच त्या वाटेनं गेला. आम्ही सगळे सावरून बसलो. तो बिचारा घाबरला. म्हणाला, "बाप्पा, मी चकमकीचा दगड मागाले आलो होतो. बिडी विझली." त्यानं बिडी पेटवली, आम्हाला उठा म्हणाला आणि गेला. आम्ही उठलो.

बायको रात्री मला म्हणाली, "थो गेला, तवा तुम्ही उठले. कायदा गेला, तवा काहून नाही उठले?"

कार्तिकात संत्रा उतरायला लागला. बंड्या भरून पांढुर्ण्याला जायच्या, तिथून मालगाडीनं वर, दिल्लीकडे. तेव्हाच तिगावकडून निरोप आला. रेल्वेच्या पटरीवर काम करणारा त्यांच्या गावचा एक माणूस होता, त्यानं पांढुर्ण्याला बंडीवाल्याजवळ सांगितलं, बंडीवाल्यानं आम्हाला. तिच्या मायनं अंथरूण धरलं आहे. घास उतरत नाही. पाहायचं असेल तर या.

बायकोनं कोणाला काही विचारलं नाही. रात्रीच गाठोडं बांधलं. सकाळी मालकाची बंडी संत्रे घेऊन निघणार होती, ती दिवस बुडता पांढुर्ण्याला लागायची. संध्याकाळची पॅसेंजर धरली की रात्री मायजवळ. तिनं सगळं मनात लावून ठेवलं होतं. पोरीला तेल लावून न्हाऊ घातलं, कारण आजीनं तिला पाहिलं नव्हतं.

सकाळी बाप दारात उभा. म्हणाला, ठाण्यात सांगून जा.

मी म्हणालो, कायदा उठला.

"उठला तं उठला. सांगून जाण्यात काय जाते? तिकडे टेशनावर कोणी धरलं, तं सांगता येईन, आम्ही सौसरच्या ठाण्यात सांगून आलो. चांगल्या माणसानं सांगून जावं."

बायको म्हणाली, "मामाजी, चांगला माणूस ठाण्यात जाते का?"

बाप तिच्यावर चिडला नाही. त्याचे डोळे भरले. त्याला त्याच्या भावाची पाठ दिसत असावी. ते डोळे पाहून मी म्हणालो, जातो, लगेच येतो. ठाणं रस्त्यातच आहे, बंडी तिथूनच जाणार. बायकोनं पोरीला कडेवर घेतलं, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि माझ्या पुढं चालायला लागली.

ठाण्याच्या आवाराबाहेर चिंचेचं झाड होतं. ती तिथं बसली. मी आत गेलो. हवालदार तंबाखू मळत होता. मी जोहार घातला आणि सांगितलं, सासू आजारी आहे, तिगावला जाऊन राहिलो, चार दिवसांनी येऊ, सांगायला आलो.

त्यानं विचारलं, पास पाहिजे?

मी म्हणालो, नाही साहेब, पासचा कायदा उठला.

त्यानं तंबाखू तोंडात टाकली. मला खालून वर पाहिलं. "कायदा उठला, हे तुले माहीत आहे. मंग इथं कायले आला? ज्याच्यावर कायदा नाही थो माणूस सकाळी सकाळी ठाण्यात येते का? काही तरी करून आला असशीन. बस तिथं."

मी बसलो. ओट्यावर, भिंतीजवळ, जिथं आमचे लोक बसत तिथं, उकिडवा. हवालदार आत गेला.

आता मला लोक सांगतील की उठून निघून जायचं होतं. माझा पोरगाही सांगतो. त्याला मी म्हणतो, तू ठाण्यात कधी बसलास? मला कोणी बांधलं नव्हतं. दार उघडं होतं. माझ्यासमोर एक कुत्रा आत आला, ओट्यावर झोपला, उठला, बाहेर गेला. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. तास वाजत गेले. शिपाई आले, गेले. एकानं मला ओलांडून घडा भरला. मी वाट पाहत होतो की कोणी विचारेल, कोणी ओरडेल, निदान मारेल. मारलं की मग सोडून देतात, हे मला माहीत होतं. कोणी काहीच केलं नाही.

बायको फाटकापाशी आली. लांबूनच म्हणाली, "काय म्हणते?"

"बस म्हणते."

"किती वेळ?"

"सांगितलं नाही."

ती परत गेली. मग रस्त्यानं बंडी आली. बैलांच्या घुंगरांवरून मी ओळखली. बंडीवाल्यानं आवाज दिला, ती धावत गेली, थांब म्हणाली. तो एका बिडीपुरता थांबला. संत्र्याचा वास ओट्यापर्यंत येत होता. मग घुंगरं पुन्हा वाजायला लागली आणि दूर गेली.

ती पुन्हा फाटकापाशी आली. या बारीला आत आली, पार पायरीपर्यंत. आमच्या बायका ठाण्याच्या पायरीपर्यंत येत नसत. हळूच म्हणाली, "उठा ना. कोणी पाहून नाही राहिलं तुमच्याकडे."

मी म्हणालो, "उठलो तं मारतीन."

ती माझ्याकडे पाहत उभी राहिली. तिच्या डोळ्यात राग असता तर बरं झालं असतं. मग ती पोरीला घेऊन चिंचेखाली जाऊन बसली. पोरगी रडली तेव्हा तिनं गाठोड्यातली मायसाठी बांधलेली दशमी सोडली आणि पोरीला दिली. तेवढं मला ओट्यावरून दिसलं.

ऊन कललं तेव्हा ठाणेदार दौऱ्यावरून सायकलीनं आला. मला पाहून विचारलं, हा कोण? हवालदार बाहेर आला. माझ्याकडे पाहून खरंच चकित झाला. "अरे, तू इथंच हाय अजून? म्या तं केव्हाच इसरलो तुले. मंग गेला काहून नाही?"

ठाणेदार चांगला माणूस होता, हे मला लिहिलं पाहिजे. त्यानं सगळं ऐकून घेतलं. हवालदाराला बोलला. मग मला समजावून सांगितलं की कायदा रद्द झाला आहे, तुझ्यावर काही नाही, आणि यापुढं काम नसताना ठाण्यात येत जाऊ नको. मग तो आत गेला. मी तिथंच. हवालदार ओरडला, "उठ ना आता!" तेव्हा मी उठलो. पाय बधिर झाले होते, भिंत धरून चाललो.

बायकोनं गाठोडं डोक्यावर घेतलं. मला वाटलं होतं ती घराकडे वळेल. ती पांढुर्ण्याच्या रस्त्याला लागली. मी पोरीला घेतलं आणि मागं चाललो. रात्रभर चाललो. पांढुर्ण्याला पोहोचलो तेव्हा टेशनावर सकाळचं झाडणं चालू होतं.

तिकिटाच्या खिडकीवर मी पैसे ठेवले. आतल्या माणसानं न पाहता विचारलं, कुठलं? मी म्हणालो, तिगाव. त्यानं तिकिटं ढकलली. बायकोनं आपलं तिकीट हातात घेऊन उलटून पाहिलं. "एवढंच? नाव नाही विचारलं?" मी म्हणालो, नाही. "कुठून आले, कायले चालले, काहीच नाही?" मी म्हणालो, नाही. ती तिकीट मुठीत धरून बाकावर बसली, गाडी येईपर्यंत मूठ सोडली नाही. पांढुर्ण्याहून तिगाव पुढचंच टेशन. कालच्या गाडीनं गेलो असतो तर एवढंच अंतर होतं.

तिच्या गावच्या वाटेला लागलो तर समोरून माणसं येत होती. त्यांच्या पायांना ओली माती होती. तिला पाहून ते बाजूला झाले. म्हातारी रात्रभर शुद्धीत होती म्हणे. दाराकडे तोंड करून द्या म्हणाली, म्हणून बाज फिरवली होती. उन्हं वर येता येता गेली. आमच्यात तेव्हा माती देत, जाळत नसत. गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली दिली होती.

बायको मोहाखाली गेली. पोरीला ओल्या मातीजवळ बसवलं आणि म्हणाली, "माय, हे पाह्य. बिना पासची आली."

नंतर रडली. ते मी लिहीत नाही.

ती तिथं चार दिवस राहिली. भावाच्या घरी खायला नव्हतं, तरी राहिली. माय म्हणाली होती चार दिवस राहायला ये. गावच्या पाटलाचा माणूस एकदा येऊन विचारून गेला, कोणाला सांगून आले? मी उठायला लागलो होतो. तिनं मला हातानं खाली बसवलं आणि त्याला म्हणाली, "कायदा उठला. नागपूरले विचारा." तो मान हलवून निघून गेला. मला तेव्हा कळलं की तो कायदा आमच्या घरात एकाच माणसासाठी उठला होता.

पुढं चार वर्षांनी राज्य वाटलं गेलं. नागपूर तिकडच्या राज्यात गेलं, आम्ही इकडे राहिलो, भोपाळचे झालो. घर जिथं होतं तिथंच. बायको म्हणाली, "आता विचारा म्हणायले भोपाळ लय दूर हाय." ठाण्यात हिंदी बोलणारे शिपाई आले. सराईत चोर म्हणून कोणाकोणावर नजर ठेवायची, अशी नवीन बोलणी कानावर यायला लागली. मधात आमचं ते बसणं सुटलं होतं, बाप पुन्हा निंबाखाली बसायला लागला होता. तो तिथं बसूनच एका संध्याकाळी गेला. आम्हाला वाटलं बसला आहे.

मग मी सौसर सोडलं. पांढुर्ण्याच्या मंडीत संत्र्याच्या पेट्या भरायचं काम धरलं, पोरं शिकली. बायको त्या ठाण्याच्या दिवसाबद्दल मला कधी टोचून बोलली नाही. पण त्या दिवसानंतर ती कोणाच्या उठ म्हणण्याची वाट पाहत नसे. पंगतीत जेवण झालं की उठायची, लोक बसलेले असले तरी. राशनच्या दुकानात, पोराच्या शाळेत, डॉक्टरकडे, कुठंही. मी मात्र बसलेलाच. बँकेत मुलाच्या कागदावर आधी अंगठा, पुढं शिकल्यावर सही, झाली तरी मी खुर्चीवर. मग ती माझ्या खांद्याला बोट लावून म्हणायची, "उठा. कोणी नाही म्हणणार." एवढंच. कधी हसून, कधी थकून. संध्याकाळी ओट्यावर बसलो की हजेरीवरून चिडवायची. जन्मभर तिनं मला जागेवरून उठवलं.

शेवटी नागपूरला नेली. डॉक्टरनं सांगितलं, घरी न्या. मी दवाखान्याच्या बाकावर बसून राहिलो. ती खाटेवरून पाहत होती. बोलता येत नव्हतं तिला. बोट हलवलं. मला समजलं.

आता आमच्यात अग्नी देतात. मुलं शिकली, चाली बदलल्या. मी अडवलं नाही. तिची राख मडक्यात भरून लाल कापड बांधलं आणि मी व मुलगा पॅसेंजरनं निघालो. नर्मदेत सोडायची होती, तिकिटं होशंगाबादची. मडकं माझ्या मांडीवर. डब्यात रेल्वेचा एक शिपाई होता, तरणा पोरगा. तो आमच्या बाजूनं जाऊ लागला तसा मी सावरून बसलो आणि मनातल्या मनात सगळं जुळवून ठेवलं, कोण, कुठून, कशाला. तो मोबाइल पाहत पुढं गेला.

तिगावला गाडी थांबली. मी मडकं घेऊन उभा राहिलो.

मुलगा म्हणाला, "बाबा, कुठं? तिकीट पुढचं हाय."

मी म्हणालो, "मधात उतराले कोणाले विचारा लागते?"

तो माझ्या मागं उतरला. रिक्षा केली. गाव ओळखू येत नव्हतं, डोंगरापर्यंत संत्र्याचे बगीचे झाले आहेत. मोह मात्र उभा होता, एका धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, अर्धा वाळलेला. त्याच्याखालची जागा कुठली हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं. मी अंदाजानं बसलो, कापड सोडलं आणि मूठभर राख तिथं ठेवली. बाकीची नर्मदेसाठी बांधून घेतली. तिच्या मायजवळ काही बोलावं असं वाटलं होतं, पण सासूशी मी कधी फारसं बोललो नव्हतो. उशीर झाला, एवढंच तोंडातून निघालं.

मुलगा लांब उभा होता. पुढच्या गाडीची वेळ पाहत होता, पण मला उठा म्हणाला नाही. त्याला वाटलं असेल, बापाला बसू द्यावं. ऊन डोक्यावर आलं, मग पाठीवर आलं. बगीच्याच्या मचाणावरून कोणी तरी पाखरांना हाकलत होता. मी वाट पाहत होतो हे मला बऱ्याच वेळानं समजलं.

मग मी मोहाच्या बुंध्याला हात लावला आणि उठलो. पाय बधिर झाले होते. मुलगा धरायला आला, त्याला मी नको म्हणालो.